अँटवर्पचा लाल कोट

कृष्णरावांनी माळ्यावरून स्लाइडचा प्रोजेक्टर खाली काढला तशी मनोरमा हातातलं काम टाकून बाहेर आली. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आज, रविवारी, लेक, जावई आणि नात आगाशीला जेवायला यायचे होते, आणि जेवणानंतर खोलीत अंधार करून ‘आमची पृथ्वीप्रदक्षिणा’ दाखवायची असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. जहाज सोडून पंचवीस वर्षं उलटली तरी चीफ इंजिनिअरसाहेबांचा खाक्या तोच होता. आधी हुकूम सुटायचा, कारण मागाहून कळायचं.

“अहो, ती खोकी आज नका उघडू. सुरुचीला आवडत नाही.”

“लहानपणी आवडत नसेल. आता तीच निघालीये जगात फिरायला. बापाचे चार अनुभव कानावर पडले तर बिघडलं कुठे?”

“तिने अजून नक्की केलेलं नाही.”

“नक्की काय करायचंय त्यात? आपण हो म्हटलं की झालं. आणि तू तर मागची खोली कालच झाडून ठेवलीस.”

मनोरमाने खोली झाडली होती हे खरं. मच्छरदाणी धुतली होती, पलंगावर नवी चादर घातली होती, खिडकीशी टेबल ओढून त्यावर दिवाही ठेवला होता. गुरुवारी सुरुचीचा फोन आला तेव्हापासून तिचे हात आपोआप कामाला लागले होते. हर्षवर्धनच्या कंपनीचं काम म्हणजे परदेशातल्या कारखान्यांत यंत्रं बसवून द्यायची. सहा महिने थायलंड, मग इजिप्त, पुढे जिकडे काम निघेल तिकडे, अशी तीन वर्षं. बायकोला नेता येणार होतं. पण दर सहा महिन्यांनी मुलीची शाळा कोण बदलणार? म्हणून दहा वर्षांच्या अश्लेषाने आजी-आजोबांकडे राहायचं, असं सुरुचीने अर्धं विचारलं होतं आणि अर्धं सांगितलं होतं. मनोरमाच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. का कोण जाणे, तिने ते गिळलं आणि म्हणाली, “या तर रविवारी, बोलू.”

आता ती दुपारच्या जेवणासाठी दही बघायला म्हणून आत गेली. विरजण छान लागलं होतं, चमचा उभा राहावा असं. आणि नको असताना तिला ते सगळं दिसलं.

दर वेळी बोटीवर जायला निघताना आत्या उंबऱ्याच्या आत उभी राहून हातावर दही घालायची. आत्या म्हणजे कृष्णरावांची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. कृष्णराव डावा तळहात खाली धरून उजवा पुढे करायचे, मग मनोरमा. आणि पहिल्या वेळी त्या दोन हातांच्या खाली तिसरा हात आला होता, तीन वर्षांच्या सुरुचीचा, ओंजळीसारखा मुडपलेला. आत्याने तो हात हलकेच खाली केला होता. “तुला नाय गं बाय. जानाऱ्यांना.”

कंपनी साहेबांच्या बायकांना बोटीवर येऊ द्यायची, मुलांना नाही. ही सबब खरीच होती. ती सबब नसती तर मनोरमाने काय केलं असतं, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

आत्या मागच्या अंगणात सुकेळी करत बसली होती. राजेळी केळी सोलून मांडवावरच्या चटयांवर उन्हात घातलेली, आणि ऐंशीची ही बाई एकेक उचलून उलटी करत होती. त्या सुकेळ्यांचे डबे एके काळी कृष्णरावांबरोबर सगळ्या दर्यावर फिरले होते.

“ठेवते का तू पोरीला?” आत्याने मान वर न करता विचारलं.

“तुम्हाला काय वाटतं, वन्सं?”

“मला काय वाटायचं हाय? तवा कोनी मला विचारलं नाय. आता कशाला विचारते?”

तिने ते चिडून म्हटलं नव्हतं. केळं उलटं करता करता म्हटलं होतं, म्हणून मनोरमाला जास्त लागलं.

*

रिक्षा भवानीशंकराच्या देवळाकडून वळली तसा अश्लेषाचा आवाज आधी घरात आला आणि मग अश्लेषा. ती चपला एक इकडे एक तिकडे टाकून सरळ आत्याच्या मांडवाकडे पळाली. हर्षवर्धन वाकून नमस्कार करून, “आई, कशा आहात?” विचारून पेपर घेऊन बसला. जावयाने सासरवाडीला कसं असावं याचं त्याचं शिक्षण उत्तम झालं होतं. सुरुची केकचा खोका घेऊन स्वयंपाकघरात आली. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या तिसऱ्या मजल्यावर पंधरा वर्षं काढून आणि रोज चर्चगेटला नोकरीला जाऊन तिच्या बोलण्याला एक घाई आली होती.

“काय मदत करू? लवकर सांग, नाहीतर बाबा मला स्क्रीन धरून उभं करतील.”

“सगळं झालंय. पापलेटं तळायची तेवढी राहिलीत.”

सुरुचीने परात पुढे ओढली आणि मासे मसाल्यात लोळवायला घेतले. बराच वेळ दोघी नुसत्या काम करत राहिल्या. आई-लेकींचं जमायचं ते असंच, हातात काम असेल तोवर.

“मागची खोली बघितली मी,” सुरुची म्हणाली. “चादर नवीन आहे.”

“हं.”

“टेबलसुद्धा लावलंस.” आणि मग ती हसली. असं मोकळं हसणं या लेकीने आईच्या वाट्याला फारसं दिलं नव्हतं. “थँक्स, आई. मला भीती होती तू आढेवेढे घेशील. खरं सांगू? मला पण एकदा बघायचंय गं काहीतरी. सदतीस वर्षांची झाले. पासपोर्ट काढला तो अजून कोराच.”

मनोरमाने तव्यावर मासा टाकला. तेल उडालं, बरं झालं. बोलायला नको.

*

जेवणं झाली, केळफुलाच्या भाजीचं कौतुक झालं, केक कापून झाला. मग कृष्णरावांनी खिडक्यांवर चादरी टांगल्या, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि प्रोजेक्टरची कळ दाबली. पंख्याच्या घरघरीबरोबर गरम धुळीचा वास सुटला. मनोरमाला तो वास आवडायचा, आजही आवडला, आणि त्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

“हा पनामा कालवा. बोट पायऱ्या चढते बघ, अश्लेषा! पाणी आत घेतात, बोट वर. तुझी आजी रात्रभर झोपली नाही, कठड्याला धरून उभी.”

“आणि हा विषुववृत्त ओलांडतानाचा. खलाशांनी तिला साबणाच्या पाण्याने नखशिखांत आंघोळ घातली. त्यांचा रिवाजच असतो तो. कॅप्टनची बायको पळून गेली केबिनमध्ये, आमची मात्र उभी राहिली. काय हसतेय बघा!”

भिंतीवर एक तरणी बाई निथळत हसत होती. पातळ अंगाला चिकटलेलं, केस सुटलेले. मनोरमाला त्या दिवसाचं ऊन आठवलं, तोंडात गेलेल्या साबणाची कडवट चव आठवली. त्या संध्याकाळी दोघं मागच्या डेकवर बसली होती. कृष्णराव म्हणाले होते, “आगाशीत राहिलो असतो तर हे बघितलं असतं का आपण?” आणि ती म्हणाली होती, “नाही हो.” घरात त्या वेळी कोण काय करत असेल हे त्या संध्याकाळी तिच्या मनातही आलं नव्हतं.

“हे कोबे. जपान. बर्फ बघा. ही दुकानाच्या दारात.”

“हे सांतोस, ब्राझील. कॉफीचा वास नुसता. इथेही दुकान! या बाईला बंदर दिसलं की दुकान दिसायचं.”

“हे अँटवर्प. हा लाल कोट घेतला तो दिवस. काय थंडी होती!”

अश्लेषा भिंतीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसली होती. ती मागे वळली. “आजी, तू दुकानाच्या सगळ्या फोटोत हात असा का धरलायस?”

“कसा?”

“असा. हवेत.” तिने तळहात पालथा करून आपल्या कमरेशी धरून दाखवला.

कृष्णराव खुशीत आले. “हां, ती गंमतच होती! दुकानदारांना आपली भाषा कळेना, आपल्याला त्यांची. मग ही हाताने दाखवायची, एवढी आहे माझी मुलगी, एवढी. मला फार गोड वाटायचं, म्हणून मी दर वेळी तेवढ्यात फोटो काढायचो. म्हणजे तो हात आहे ना, त्याच्याखाली तुझी आई आहे!”

हर्षवर्धन हसला. आत्या दारात बसली होती ती हसली नाही.

“परत दाखवा ना, आजोबा. पहिला.”

कृष्णरावांनी स्लाइड्स मागे नेल्या, पुन्हा पुढे आणल्या. कोबे, सांतोस, अँटवर्प. अश्लेषा उठून भिंतीला नाक लावून बघत होती आणि तिची सावली बर्फावर पडली होती.

“पण हात सगळीकडे एवढाच आहे,” ती म्हणाली. “कमरेजवळ.”

“बाबा,” सुरुचीचा आवाज अंधारातून आला, “हे कोबे कुठल्या वर्षीचं?”

“अडुसष्टचा हिवाळा. पहिलीच सफर आपली.”

“आणि अँटवर्प?”

“ते… चौऱ्याहत्तर. हो, चौऱ्याहत्तरच. मागे इंजिनाची दुरुस्ती चालली होती.”

“चौऱ्याहत्तर साली मी नऊ वर्षांची होते.”

अश्लेषाला कोडं सुटल्याचा आनंद झाला होता. ती खुर्चीतल्या आजीला उठवून तिच्या शेजारी ताठ उभी राहिली. “म्हणजे माझ्यापेक्षा एकच वर्षाने लहान. पण मी तर आजीच्या खांद्याला लागते!”

भिंतीवरची मनोरमा तळहाताखाली काहीच नसताना हसत उभी होती. मनोरमाला वाटलं, कोणीतरी खिडकीवरची चादर ओढून काढावी. दर रजेत ती घरी येत होती, लेकीला बघत होती, ‘किती वाढलीस गं’ म्हणून तिचे मुके घेत होती. आणि बोटीवर पाऊल पडलं की डोळ्यांपुढे उभी राहायची ती पहिल्या दिवशीची, दह्यासाठी हात पुढे करणारी. दुकानात उंची दाखवायला हात उठायचा तो तिथेच थांबायचा. तिला ते कधी कळलं नव्हतं. प्रत्येक फ्रॉक आखूड निघायचा तेव्हा ती परदेशी मापांना नावं ठेवायची.

“तो कोट मला आठवतो,” सुरुची म्हणाली. “तुम्ही मे महिन्यात आलात. मी तो घातला. बाह्या कोपराशी, बटणं लागेनात. लोकरीचा कोट, आगाशीच्या मे महिन्यात! अंगावर घामोळं उठलं तरी मी काढला नाही. आत्या पंख्याने वारा घालत होती. मला वाटायचं, मी कोट काढला तर तुला वाटेल मला आवडला नाही, आणि मग तू परत जाशील.” ती थांबली. “तरी तू गेलीसच. मग आत्याने तो शेजारच्या हिल्डाच्या मर्सीला देऊन टाकला. ती नाताळच्या मिस्सेला चर्चमध्ये घालून गेली. तिला अगदी बरोबर बसला.”

कृष्णरावांनी प्रोजेक्टर बंद केला. अंधारात पंखा तेवढा फिरत राहिला. मग हर्षवर्धनने उठून एक चादर सोडवली आणि दुपारचं ऊन सगळ्यांच्या तोंडावर आलं.

“अश्लेषा,” आत्या म्हणाली, “जा पोरी, कावळे केळ्यांवर बसतील. राख जा.”

अश्लेषा गेली. मनोरमा अजून उभीच होती. आता बोलले नाही तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं, आणि मागच्या खोलीतली नवी चादरही डोळ्यांपुढे होती. तीन वर्षं. सकाळी वेणी घालायची, शाळेच्या बसला सोडायला जायचं, तापात कपाळावर घड्या ठेवायच्या. आपल्याला न मिळालेलं सगळं.

“सुरू,” ती म्हणाली, “अश्लेषाला इथे ठेवू नकोस.”

“काय?”

“तिला घेऊन जा. नाही जमत तर तू जाऊ नकोस. पण तिला मागे ठेवू नकोस.”

सुरुची आईकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं सकाळचं हसू कुठल्या कुठे गेलं. “खोली लावलीस. चादर घातलीस. आणि आता नाही म्हणतेस?”

“चादर माझ्या हौसेने घातली.”

“मला तू सांभाळलं नाहीस, ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आज पहिल्यांदा तुझ्याकडे काही मागितलं. तीन वर्षं माझी मुलगी सांभाळ म्हटलं. तर तेही नाही?”

“तसं नाही गं…”

“मग कसं? तुझं जग बघून झालं. पनामा झाला, जपान झालं. माझी पाळी आली तेव्हा तू मला आई कशी असावी ते शिकवणार? तू?”

“सुरुची,” हर्षवर्धन म्हणाला, “हळू.”

“तू गप्प बस, हर्ष.”

कृष्णराव खुर्चीतून उठले. त्यांचा रुबाब गळून पडला होता आणि ते एकदम सत्तरीचे दिसत होते. “सुरू, आईला बोलू नकोस. तिचा दोष नाही. ती दर वेळी नाही म्हणायची. मीच हट्ट धरायचो, एकट्याला करमत नाही म्हणून. मीच ओढून न्यायचो तिला.”

हे खोटं होतं, आणि चाळीस वर्षांत नवऱ्याने तिच्यासाठी केलेली सगळ्यांत मायेची गोष्ट होती. मनोरमाला ते पांघरूण घ्यावंसं फार वाटलं. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं.

“नाही हो,” ती म्हणाली. “ओढून कशाला न्याल? मी पहिल्या वेळी रडले. दुसऱ्या वेळी थोडी रडले. मग मी कॅलेंडरवर दिवस मोजायचे, बोटीवर परत कधी जायचं त्याचे. मला आवडायचं, सुरू. तिथे मी कोणाची सून नव्हते, कोणाची आई नव्हते. मला फार आवडायचं.”

“आवडायचं,” सुरुची म्हणाली.

“हो.”

सुरुचीने मान हलवली. गेली सगळी वर्षं तिला ‘कंपनीचा नियम होता, बाळा’ हेच ऐकवलं गेलं होतं, आणि त्यातलं अक्षरही तिला कधी पटलं नव्हतं. हे पटलं. म्हणूनच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“म्हणून सांगते,” मनोरमा म्हणाली. “तुलाही आवडेल. पहिले दोन महिने जीव तुटेल, मग आवडायला लागेल. तू वाईट आई आहेस म्हणून नाही. जगच तसं आहे, फार छान आहे. आणि इकडे ती वाढत राहील आणि तुझा हात तिथेच राहील.”

“तिचं शाळेचं वर्ष बुडेल, आई,” हर्षवर्धन समजुतीच्या सुरात म्हणाला. “आणि प्रत्येक साइटवर फॅमिली क्वार्टर मिळेलच असं नाही.”

“बुडू दे वर्ष. पुन्हा त्याच वर्गात बसेल.”

“आत्या, तू तरी सांग काही!” सुरुचीने शेवटचा आधार धरावा तशी आत्याकडे मान वळवली. या घरात तिची बाजू घेणारं माणूस नेहमी तेच असायचं. “मी तुझ्याकडे राहिले. माझं काय वाईट झालं?”

आत्याने पदराने हात पुसले. “तुजं काय वाईट नाय झालं. तू माझ्या कुशीत झोपायची. न्हायला बसली की गानी म्हनायची. माझं काय झालं ते सांगू? नऊ वरसांनी भाऊ आला, म्हनाला, ताई, आता मुंबईला बदली झाली, सुरूला नेतो. दुपारच्या गाडीने नेली. तू वळून वळून बघत व्हती. त्या रातीपासून अटे, या घरात, दोन पानांचा सैपाक व्हायचा तो एका पानाचा झाला.” तिने मनोरमाकडे बोट केलं. “हिच्याकडं ठेवशील तर हिचंबी तेच व्हईल. पन ते जाऊ दे. ही म्हातारी झाली, सोसंल. पोरीला मातर दोनदा सोडावं लागंल. एकदा तुला, एकदा हिला. तू दोनदा सोडलंस ना? मग तुला ठाव हाय.”

सुरुचीने पर्स उचलली, दारातून अश्लेषाला हाक मारली आणि चपला घातल्या. निघताना ती आत्याच्या पाया पडली, वडिलांच्या पडली. आईसमोर वाकली तेव्हा तिची बोटं जमिनीलाच टेकली, पायांना नाही.

“जगप्रवास तुलाच लखलाभ, आई,” ती म्हणाली.

*

संध्याकाळी कृष्णराव राजोडीच्या किनाऱ्यावर फिरायला गेले नाहीत. एकेक स्लाइड पुसून खोक्यात भरत बसले. मनोरमाने चहा आणून ठेवला.

“मला वाटायचं ते आपले चांगले दिवस होते,” ते म्हणाले. त्यांचा आवाज रुसल्यासारखा होता.

“होतेच की.”

“मग सगळ्यांसमोर असं का बोललीस? माझ्या अंगावर घेत होतो ना मी?”

“तुमच्यासाठीच बोलले. तुम्ही मला ओढून नेलंत असं तिने मनात धरलं असतं तर त्या दिवसांचं उरलं काय? नुसती जबरदस्ती.”

कृष्णरावांनी अँटवर्पची स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. “मी किती वेळा पाहिलंय हे,” ते म्हणाले. “हात दिसायचा. हाताखालचं कधी दिसलं नाही.” त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मनोरमा त्यांच्याजवळ बसली. चहा निवला.

मागच्या खोलीतली चादर तिने दुसऱ्या दिवशी काढून घडी घातली. त्यानंतर सुरुचीचे फोन आले ते आत्यालाच. मनोरमाने उचलला तर “आत्या आहे का?” एवढंच यायचं. होळी गेली, आंबे आले, मे संपला. काय ठरलं हे आत्या सांगत नव्हती आणि मनोरमा विचारत नव्हती. रोज दुपारी फोन वाजला की ती हात पुसत बाजूला उभी राहायची.

जूनमधल्या एका सकाळी दारात रिक्षा थांबली. हर्षवर्धन आधी उतरला. त्याने बाहेरूनच सासऱ्यांना सांगून टाकलं, कारण बायको सांगणार नाही हे त्याला माहीत होतं. कंपनीशी बरंच झगडून त्याने फिरतीऐवजी एकाच जागेचं काम मागून घेतलं होतं, इजिप्तमधल्या एका कारखान्याचं. पगार कमी, बढती लांबलेली. तिथल्या शाळेत अश्लेषाला पुन्हा पाचवीतच बसवणार होते. “थायलंड वगैरे राहिलं सगळं,” तो हसून म्हणाला. त्याचं हसणं काही खरं नव्हतं.

सुरुची आत आली. आईकडे न बघता आत्यासमोर उभी राहिली. “आत्या, आज रात्रीचं विमान आहे. दही दे.”

आत्याने वाटी आणली खरी, पण तिचे हात आताशा कापत होते. दोनदा चमचा वाटीवर आपटला. तिने वाटी मनोरमापुढे केली. “तू दे.”

हर्षवर्धनने हात पुढे केला, दही चाटलं. सुरुचीने तळहात पुढे केला. मनोरमाने चमचाभर दही त्यावर घातलं. लेकीचा हात तिने इतक्या जवळून किती वर्षांनी बघितला होता. मधल्या बोटावर शाईचा डाग होता, ऑफिसातल्या शेवटच्या दिवसाचा असावा. सुरुचीने दही खाल्लं आणि हात रुमालाला पुसला.

अश्लेषा मागे पायरीवर उभी राहून सुकेळ्यांचा पुडा सोडत होती. सुरुचीने वळून तिचं मनगट धरलं आणि तिचा हात पुढे ओढला.

“हिला पण,” ती म्हणाली.

मनोरमाने त्या हातावर दही घातलं. थोडं सांडलं. अश्लेषाने तळहात चाटून साफ केला आणि वाटीत डोकावली. “अजून आहे की! आजी, हात कर. तुला देते.”

“मला नाही गं, बाळा,” मनोरमा म्हणाली. “जाणाऱ्यांना.”

रिक्षात एक पाय ठेवलेली सुरुची तशीच थांबली. तिने मान वळवली. उंबऱ्याच्या आत दोन बायका उभ्या होत्या, एक आत्या आणि एक आई, आणि वाटी आईच्या हातात होती. सुरुची बघत राहिली. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले; पण रिक्षावाल्याने इंजिन सुरू केलं, हर्षवर्धनने घड्याळ बघितलं, आणि ती आत बसली.

रिक्षा देवळाकडे वळेपर्यंत मागच्या फटीतून अश्लेषाचा हात हलत होता. सुरुचीचा नव्हता. मनोरमा वाटी घेऊन आत गेली आणि उरलेलं दही तिने झाकून ठेवलं.